न्याय्य व्यापार आणि आदिवासी हस्तकला : त्र्यंबकेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
त्र्यंबकेश्वर तालुका व त्याला लागून असलेला जव्हार-मोखाड्याचा पट्टा हा वारली, कोळी महादेव, ठाकर आदी आदिवासी समाजांचा प्रदेश होय. भात-नागलीचा हंगाम संपला की येथील अनेक कुटुंबे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे स्थलांतर करतात. या रिकाम्या महिन्यांत वारली चित्रे व बांबूच्या वस्तू यांतून घरबसल्या उत्पन्न मिळू शकते. मात्र ते मिळणे विक्रीपेक्षा खरेदीच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते.

संकल्पना :
‘फेअर ट्रेड’ अर्थात न्याय्य व्यापार म्हणजे दानधर्म नव्हे. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या दहा तत्त्वांत परस्परसंमतीने ठरलेला मोबदला, बालमजुरीस प्रतिबंध, स्त्री-पुरुष समानता इत्यादींचा समावेश होतो. हस्तकलेच्या बाबतीत कारागिराने मागणी केल्यास किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असेही त्यात अपेक्षित आहे. ही अट महत्त्वाची आहे. कारण कापड, रंग वा बांबू घेण्यास हाती पैसा नसलेला कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि वस्तू तयार होण्यापूर्वीच भाव ठरविण्याचा अधिकार गमावतो.

भौगोलिक मानांकनाची मर्यादा :
विवाहप्रसंगी सुवासिनी भिंतीवर रेखाटत असलेली वारली चित्रकला १९७० च्या दशकात कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर ओळख मिळवून दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. २०१४ मध्ये या कलेस भौगोलिक मानांकन लाभले. तथापि मानांकन कलेच्या नावाचे रक्षण करते. कारागिराच्या मजुरीची हमी देत नाही. एका चित्रास तीन दिवस लागत असतील, तर त्याच्या किमतीत साहित्यखर्चाखेरीज किमान तीन दिवसांचे रास्त वेतन असले पाहिजे. हा हिशेब न्याय्य व्यापारच मांडतो.

निष्कर्ष :
२०२६-२७ च्या सिंहस्थामुळे त्र्यंबकेश्वरी भेटवस्तूंची मागणी वाढेल. परंतु वाढीव मागणीचा लाभ कारागिरापर्यंत आपोआप पोहोचत नाही. या संदर्भात महाविद्यालयेही ग्राहक आहेत. चर्चासत्रांसाठी स्मृतिचिन्हे घेताना थेट कारागिरांच्या गटाकडे मागणी नोंदवावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, वस्तूवर निर्मात्याचे नाव असावे आणि उर्वरित देयक लेखापरीक्षणाच्या सबबीखाली रखडू नये. न्याय्य व्यापाराचे अध्यापन करणाऱ्या संस्थेने त्याचा आरंभ स्वतःच्या खरेदीपासून करणे उचित ठरेल.