परदेशी वास्तव्याचा परवाना : निवड कशी करावी?

व्यापाऱ्याच्या घराला देशांतर नवे नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज बाहेरूनच बऱ्हाणपुरास आले व तापीकाठी स्थिरावले. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी १९६० नंतर अँटवर्पच्या हिरेबाजारात असेच बस्तान बसविले. आज आपली मुले दुबई, अमेरिकेकडे पाहतात. भांडवल, ओळखी यांची चौकशी घरोघर होते. परंतु कोणत्या व्हिसावर जावयाचे, याचा निर्णय बहुधा एजंटावर सोपविला जातो. हे इष्ट नव्हे.

गहू घेताना आपण पोत्यावरील शिक्का पाहून भाव ठरवीत नाही. दाणा हातात घेतो. व्हिसाचेही तसेच आहे. प्रथम हेतू पाहावा. भेटीच्या व्हिसावर नोकरी करणे हा गुन्हा असून त्यापायी हद्दपारीही ओढवते.

दुसरे, परवाना कोणाच्या हाती आहे? दुबईत नोकरीचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी सोय पाहावी लागते. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास साधारण निवासपरवाना रद्द होतो. ज्यांना येथील पेढीही सांभाळावयाची आहे, त्यांनी हे ध्यानी धरावे. दहा वर्षांच्या 'गोल्डन व्हिसा'स ही अट नाही. मात्र मालमत्तेच्या आधारे तो घेण्यास २० लक्ष दिरहमांची मालमत्ता लागते.

येथे हिशेब करून पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लक्ष डॉलर बाहेर पाठविता येतात. २० लक्ष दिरहम म्हणजे सुमारे ५ लक्ष ४५ हजार डॉलर. अर्थात एकट्याच्या नावे ही रक्कम येथून पाठविण्यास तीन आर्थिक वर्षे लागतात. घाईपोटी आडमार्गाने पैसा पाठविणाऱ्याची येथील पत व तेथील घर दोन्ही धोक्यात येतात.

अमेरिकेच्या 'एच-१बी' व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार, व तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार इतकी असून निवड सोडतीने होते. व्यापारी घरास 'एल-१' हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. मुलाने गेल्या तीन वर्षांपैकी सलग एक वर्ष येथील पेढीत व्यवस्थापक म्हणून काम केलेले असावे आणि दोन्हीकडील पेढ्यांची मालकी संलग्न असावी. नवीन कार्यालयास आरंभी एकच वर्ष मिळते. म्हणून जाण्याआधीच त्याचे वेतन, हुद्दा व वह्या चोख ठेवाव्यात. 'ई-२' हा गुंतवणुकीचा व्हिसा मात्र कोणी सुचविल्यास सावध व्हावे. त्यास लागणारा करार भारताचा अमेरिकेशी नाही.

तिसरे, पत्नी व मुलांचे काय? दुबईत कुटुंब नेण्यास किमान ४,००० दिरहम वेतन, अथवा ३,००० दिरहम व राहण्याची जागा लागते. हे आधी विचारले नाही, तर संसार दोन देशांत विभागला जातो.

तेव्हा बंधूंनो, मुदत, मालकी, कुटुंब व परतीची वाट ही चार कलमे कागदावर मांडून, त्या देशाच्या सरकारी नियमांशी स्वतः ताडून पाहावीत व मगच एजंटाचे शुल्क भरावे. मुलाला परदेशी धाडणे हा घरातील मोठा व्यवहार होय. तो दुसऱ्याच्या शब्दावर करू नये.