गर्भधारणेची पहिली साक्ष

पाळी चुकली की गर्भ राहिला, असा तर्क केला जातो. परंतु पाळी अन्य कारणांनीही चुकते. म्हणून तर्काला प्रमाण हवे.

फलित बीज सुमारे ६ ते १० दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. ज्यांपासून पुढे वार बनते त्या पेशी तेव्हा एक संप्रेरक स्रवू लागतात. ते रक्तात मिसळून मूत्रावाटे बाहेर पडते. हीच गर्भाची पहिली साक्ष होय.

ती ओळखण्याची रीत १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी शोधली. वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना ते गर्भवतीचे मूत्र टोचीत. काही दिवसांनी माद्यांची अंडाशये पक्व झालेली दिसत. मात्र ती पाहण्यासाठी त्यांना मारावे लागे. १९६० साली स्वीडनमध्ये वीडे व गेमझेल यांनी प्रतिद्रव्यांची कसोटी सिद्ध केली आणि प्राण्यांची गरज सरली. आजची घरगुती पट्टी याच तत्त्वावर चालते.

परीक्षा फार लवकर केल्यास संप्रेरक अपुरे असते व उत्तर चुकीचे 'नाही' येते. अशा वेळी काही दिवसांनी ती पुन्हा करावी.

शिवाय पट्टी संप्रेरक दाखविते, गर्भाचे स्थान नव्हे. गर्भ बीजवाहिनीत रुजला तरी रेघ उमटतेच. पण ती नलिका फुटल्यास रक्तस्रावाने मातेचा जीव धोक्यात येतो. यासाठी वैद्यकीय तपासणी व सोनोग्राफी हवी. ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव वा भोवळ असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. रेघ ही वार्ता आहे, निश्चिती त्यानंतरची.