कर्कटी कुलातील कंदखोडी वेली

कर्कटी कुलातील कंदखोडी वेली : (कुल–कुकर्बिटेसी). काकडी, भोपळा, दोडका, तोंडली इ. परिचित वेलींच्या कुलात ज्यांच्या खोडाचा तळभाग अथवा मूळ फुगून पाण्याचा साठा करते, अशा बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणाऱ्या) वनस्पतींचा हा गट आहे. कुकर्बिटेसी कुलात सु. ९५ प्रजाती व ९५० हून अधिक जाती असून त्यांचा प्रसार मुख्यत्वे उष्ण व उपोष्ण प्रदेशांत आहे. त्यांपैकी आफ्रिका, मादागास्कर, अरबी समुद्रातील सोकोत्रा बेट, मेक्सिको व भारत येथील कोरड्या भागांतील अनेक जातींत हे रूपांतर आढळते. अलीकडे निवडुंगाबरोबर मांसल वनस्पतींचा संग्रह करणाऱ्यांत या वेलींना विशेष स्थान मिळाले आहे.

अवर्षणाला तोंड देण्याचे दोन मार्ग या कुलात दिसतात. भोपळ्यासारख्या वर्षायू वेली पावसाळ्यात वाढून बी धरतात व मरून जातात. कोरडा काळ त्यांचे बी काढते. कंदखोडी वेली मात्र स्वतः टिकून राहतात. पावसाळा संपताच त्यांच्या कोवळ्या फांद्या व पाने सुकून गळतात आणि जमिनीलगतचा फुगीर भाग तेवढा सुप्तावस्थेत शिल्लक राहतो. पुढील पावसाच्या सुमारास त्यावरच नवे कोंब फुटतात. साठा तयार असल्याने या वेली थोड्या दिवसांत पुष्कळ वाढतात व अल्प पावसाच्या हंगामातही त्यांचे फळ पिकते.

रचना : फुगीर भाग केवळ खोडाचाच असतो असे नाही. अधराक्ष (बीजातून निघणाऱ्या अंकुराचा दलिकांखालील भाग), खोडाचा तळ व मुळाचा वरचा भाग हे तिन्ही कमीअधिक प्रमाणात त्यात सामील होतात. आतील बहुतेक भाग मृदूतकाचा (पातळ भित्तीच्या कोशिकांचा) असून त्यात पाणी व स्टार्च साठलेले असते. बाहेरील त्वक्षेच्या (बुचासारख्या) थरामुळे बाष्पीभवन कमी होते. पाणी व अन्न यांचा असा साठा जनावरांना मोहात पाडणारा असला, तरी या कुलातील कुकर्बिटॅसीन नावाच्या अतिशय कडू द्रव्यांमुळे त्याचे बरेच रक्षण होते. या वेली तनाव्यांच्या साहाय्याने चढतात. फुले एकलिंगी असून पुष्कळ जातींत नर-फुले व स्त्री-फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात.

भारतीय जाती : महाराष्ट्रात या गटातील सर्वांत परिचित वेल म्हणजे कर्टोली अथवा कंटोळी (मोमोर्डिका डायोइका). ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून तिची काटेरी फळे पावसाळ्यात रानभाजी म्हणून बाजारात येतात. तिचा कंद जमिनीत असल्याने उन्हाळ्यात वेलीचा मागमूसही दिसत नाही. बियांपासून वाढविलेली वेल नर की मादी, हे फुले येईपर्यंत कळत नाही; म्हणून लागवडीस कंद पसंत करतात. दख्खनच्या अवर्षणप्रवण भागांत, विशेषतः काळ्या जमिनीत, कडवंची (मोमोर्डिका सिंबॅलॅरिया) आढळते. तिच्या लहान, ठळक कंगोऱ्यांच्या फळांची भाजी करतात. आकाशगरुडी किंवा मिरचीकंद (कोरॅलोकार्पस एपिजियस) या वेलीचा कंद मोठा, सलगमासारखा असतो. फळ चोचीसारख्या टोकाचे, मध्ये लालभडक व दोन्ही टोकांस हिरवे असते. प्रजातीच्या नावाचा अर्थही ‘पोवळ्यासारखे फळ असलेली’ असाच आहे. तमिळनाडूत हा कंद घराच्या दारावर टांगून ठेवण्याची प्रथा असून मातीपाण्याशिवाय हवेतच त्याला कोंब फुटतात. यामुळे त्याला दैवी सामर्थ्य असल्याचे मानले जाते. प्रत्यक्षात तो साठविलेल्या पाण्याचा व स्टार्चाचा परिणाम होय. हा कंद सर्पदंशावर गुणकारी असल्याची समजूत जुनी आहे. तथापि सर्पदंशावर रुग्णालयात मिळणारे प्रतिविष हाच खरा उपचार असून कंदाच्या भरवशावर वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

परदेशी जाती : मेक्सिकोतील सोनोरा वाळवंटातील आयबरव्हिलिया सोनोरी या जातीचा एक कंद विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात पाण्याशिवाय ठेवला असता तो अनेक वर्षे दरवर्षी नवे कोंब काढीत राहिला व सुकत गेला. आकाशगरुडीच्या टांगलेल्या कंदाचे वर्तन याच प्रकारचे आहे. सोकोत्रा बेटावरील डेंड्रोसायक्योस सोकोट्रॅना ही या कुलातील वृक्षरूप धारण करणारी एकमेव जाती होय. तिचे वर्णन आयझॅक बेली बॅल्फर यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. तिचे खोड पिंपासारखे जाड असते. अवर्षणात बेटावरील रहिवासी ते तोडून गुरांना चारतात. संग्राहकांकडे दक्षिण आफ्रिकेतील केड्रॉस्टिस आफ्रिकाना व जेरार्डँथस मॅक्रोऱ्हायझस आणि पूर्व आफ्रिकेतील मोमोर्डिका रोस्ट्रॅटा या जाती अधिक आढळतात. मादागास्करमधील झेरोसायक्योस डँग्वी ही वेल पाणी खोडाऐवजी जाड, वाटोळ्या पानांत साठविते.

लागवड : कोकणपट्टीत या वेलींचा प्रश्न अवर्षणाचा नसून अतिवृष्टीचा आहे. ठाण्यात वर्षाकाठी सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. ठाणे पूर्वेतील कोपरीसारख्या खाडीलगतच्या, दाट वस्तीच्या भागात हवा दमट असते आणि जागा गच्ची, सज्जा किंवा खिडकीपुरतीच मिळते. येथे कडाक्याची थंडी नसल्याने युरोपातल्याप्रमाणे काचघराची गरज पडत नाही. मात्र पावसाळ्यात कुंड्या छपराखाली ठेवणे अत्यावश्यक असते. जाड वाळू, विटांचे तुकडे व थोडे पानखत यांचे मिश्रण वापरावे आणि कुंडीच्या तळास पाणी वाहून जाण्यास पुरेशी छिद्रे असावीत. पाने असेपर्यंत माती वाळल्यावर पाणी द्यावे. पाने गळताच ते जवळजवळ बंद करावे. पर्णहीन कंदास नेमाने पाणी घातल्यास तो आतून कुजतो व बाहेरून बराच काळ तसाच दिसतो. बोटाने दाबून तो घट्ट आहे की नाही, हे पाहिल्यास हानी वेळीच लक्षात येते.

निसर्गात कंद बहुधा मातीत, खडकांच्या फटीत किंवा झुडपांच्या सावलीत दडलेला असतो. शोभेसाठी तो उघडा ठेवतात; परंतु एकदम कडक उन्हात आणल्यास त्याची साल भाजते. म्हणून कुंडी बदलताना दर वेळी तो थोडाथोडा वर उचलावा व त्यावर सावली राहील, पण वेलीस ऊन मिळेल, अशी मांडणी करावी.

संरक्षण : या वेलींचे मोल त्यांच्या कंदात असल्याने त्यांचा धोकाही तेथेच आहे. फळे तोडल्याने वेल मरत नाही. कंद खणून काढल्यास मात्र कित्येक वर्षांची वाढ एका दिवसात नष्ट होते, शिवाय नर किंवा मादी वेल नाहीशी झाल्यास आसपासच्या उरलेल्या वेलींना बी धरणेही अवघड होते. मादागास्करमधील झायगोसायक्योस प्रजातीच्या दोन जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१० पासून ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित झाला आहे. सोकोत्रातील वृक्ष असुरक्षित जातींत मोडतो. बियांपासून वाढविलेले रोप मंद गतीने फुगते व संग्राहकास काही वर्षे थांबावे लागते; तथापि कुंडीतल्या जीवनाची सवय त्यास आरंभापासून असल्याने ते रानातून उपटलेल्या कंदापेक्षा चांगले टिकते. दोन्ही लिंगांच्या वेली जवळ असल्यास हाताने परागण करून घरच्या घरी बी मिळविता येते.