मोठा कार्बुरेटर म्हणजे जास्त ताकद?

भाईंदरच्या एखाद्या गॅरेजात जुनी प्रीमियर पद्मिनी दिसली, तर तिचा कार्बुरेटर जरूर पाहा. ‘मोठा बसवला की गाडी जोरात पळेल’ असं अनेकांना वाटतं. खरंच तसं होईल?

पद्मिनीचं इंजिन १०८९ घनसेंमीचं, चार स्ट्रोकचं. म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा ते तेवढी हवा ओढतं. मिनिटाला ४००० फेऱ्या झाल्या तर जास्तीत जास्त सुमारे २१७८ लिटर. ही हवा कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल खेचलं जातं.

समजा, गळ्याचा व्यास २४ मिमीऐवजी ३२ मिमी केला. तेवढ्याच हवेचा वेग ९/१६ पट होईल. दाबातली घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती एक तृतीयांशाहूनही कमी उरेल! कमी फेऱ्यांवर पेट्रोल पुरेसं उचललं जाणार नाही. सिग्नलवरून निघताना गाडी अडखळेल. उलट गळा फार लहान असेल, तर वेगात इंजिन गुदमरेल. म्हणून आधी इंजिनाला साजेसा गळा निवडायचा, मग जेट. हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण साधारण १५:१ राहायला हवं.

वर्गात करून पाहा: एक स्ट्रॉ पाण्यात उभी धरा. तिच्या तोंडावरून आधी बारीक, मग जाड नळीने फुंका. पाणी केव्हा जास्त चढतं?