हळद, करडी आणि चुन्याची निवळी

2024 साली रंगपंचमी 30 मार्चला आली आणि ईस्टर 31 मार्चला. असा योग दरवर्षी येत नाही. दोन्ही सणांचे गणित पौर्णिमेवर चालते, त्यामुळे ते कधी आसपास येतात, तर कधी महिनाभर लांब पडतात. एकात रंग अंगावर उडतो, दुसऱ्यात अंड्यावर चढतो. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी घरोघर अंडी लाल रंगवतात आणि त्यासाठी कांद्याची सालपटे उकळण्याची जुनी रीत आहे. नांदेड-लातूरकडे ख्रिस्ती घरे थोडी, त्यामुळे अंडी रंगवणे आपल्याला नवे. रंगाचे साहित्य मात्र घरचेच.

आधी हळद. नांदेडच्या बाजारातली घ्या, नाहीतर भौगोलिक मानांकन मिळालेली शेजारच्या वसमतची. पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे हळद उकळून गाळायची, निवल्यावर चमचाभर व्हिनेगर घालायचे. व्हिनेगर नसेल तर लिंबू पिळा. अंड्याचे कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; आंबट लागले की त्यावर बारीक बुडबुडे येतात, पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि रंग धरतो. उकडून गार केलेले पांढरे अंडे अर्धा तास त्यात ठेवले की पिवळेधमक निघते. गावरान अंड्याचे कवच मुळातच तपकिरी, त्यावर हा रंग उठत नाही.

खरी गंमत पुढे आहे. पानाच्या डब्यातला चुना वाटीभर पाण्यात कालवून ठेवावा, वर निवळी येते. तीत काडी बुडवून पिवळ्या अंड्यावर रेघ ओढा. रेघ ओढता ओढताच लाल होते. लिंबाची फोड फिरवली की पुन्हा पिवळी! हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत लाल होते, एवढेच त्यातले शास्त्र. आपल्या आज्यांना हे शास्त्र पाठ होते. हळदीचे कुंकू करताना त्या दुसरे काय करत होत्या? अशी चुन्याची नक्षी काढलेले अंडे शोभेलाच ठेवावे.

कांद्याचे काम त्याहून सोपे. आठ-दहा कांद्यांची कोरडी सालपटे दोन पेले पाण्यात अर्धा तास उकळली की विटकरी रंग मिळतो, आणि तो टिकतोही. बीटावर मात्र फार भिस्त ठेवू नये. भांड्यात दिसणारा गुलाबी रंग उष्णतेने आणि वाळताना मळकट होतो. हळदही उन्हात विटते.

लातूरकडचा अस्सल रंग करडीचा. जानेवारी-फेब्रुवारीत रानात काटेरी बोंडांवर पिवळी-केशरी फुले येतात. आपण दाणे गाळून तेल काढतो आणि पाकळ्या रानातच वाळून जातात. या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात उतरतो. तो धुऊन टाकला, उरलेला चोथा पापडखाराच्या पाण्यात मळला आणि त्या पाण्यात लिंबू पिळले की लाल सुटतो. जुन्या कापडांवरचा कुसुंबी रंग तो हाच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडीचे ‘परभणी कुसुम’ हे वाण दिले, तेही तेलासाठीच. रंगाची आठवण नावापुरती उरली, असे मला वाटते.

पळसाचे वेगळे सांगायला नको. किनवट-माहूरच्या रानात फाल्गुनात तो पेटलेला असतो. पाने तीनच, फुलांना मात्र मोजदाद नाही. फुले रात्रभर भिजवा किंवा उकळा. चिमूटभर चुन्याने केशरी आणखी गडद होतो, पण अंगावर खेळायचे पाणी असेल तर चुना नकोच. नांदेडला होळीनंतर शिखांच्या होला मोहल्ल्याची मिरवणूक निघते, गावोगाव धुळवड आणि मग रंगपंचमी होते. एवढा रंग लागणाऱ्या मुलखात तो पुडीतून विकत आणावा लागतो, हे काही बरे नाही.

खायची अंडी रंगवली तर मार्चच्या उन्हाळ्यात ती एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

दिवाळीच्या सुमारास करडीचा पेरा सुरू असतो. ज्यांच्या रानात ती आहे त्यांनी यंदा फुले कोमेजू लागल्यावर पाकळ्या वेचाव्यात. तोवर फलधारणा झालेली असते, दाण्याचे नुकसान होत नाही. हाताला फडके गुंडाळा, काटे बोचतात. सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा, रंगपंचमीपर्यंत उत्तम राहतात.