२५ लाखांत वऱ्हाड

२५ लाख रुपये. वऱ्हाडाच्या मोबदल्यात ब्रिटिश सरकारने हैदराबादच्या निजामाला दरवर्षी द्यायची ही रक्कम ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने ठरली. मुदत कायमची. मुलूख निजामाचा, राज्य ब्रिटिशांचे, अशी ही मांडणी होती. आजचा यवतमाळ जिल्हा या व्यवहाराचा भाग होता. तेव्हा त्याचे नाव वणी जिल्हा होते. १९०५ मध्ये वऱ्हाडाच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले, त्या वेळी पुसद तालुका जोडून त्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

रक्कम फोडून पाहू. १९०१ च्या जनगणनेनुसार वऱ्हाडाची लोकसंख्या २७,५४,०१६ आणि क्षेत्रफळ १७,७१० चौरस मैल होते. म्हणजे माणशी साधारण साडेचौदा आणे, चौरस मैलाला सुमारे १४१ रुपये. १८६० च्या तहात याच प्रांताचे वार्षिक उत्पन्न ३२ लाख धरले होते. ४२ वर्षांनी ठरलेला मक्ता त्या जुन्या उत्पन्नाच्याही ७८ टक्केच भरतो.

कारभार १८५३ पासूनच ब्रिटिशांकडे होता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड त्यांच्या हवाली केले होते. मात्र १९०२ पर्यंत खर्च वजा जाता उरलेली शिल्लक निजामाला देणे होते, जरी तिचा हिशेब मागण्याचा हक्क त्याने १८६० च्या तहातच सोडला होता. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या १९०२ च्या कराराने शिल्लक संपली आणि ठोक रक्कम आली. माझ्या मते निजामाने वऱ्हाड गमावले ते १८५३ मध्ये नव्हे, १९०२ मध्ये. ज्याचा शिल्लकेवरही हक्क उरत नाही, त्याचे स्वामित्व नावापुरतेच असते.

मक्त्याने दिलेल्या शेताचा भावही काही वर्षांनी वाढवून मागतात. वऱ्हाडाचा आकडा १९४७ पर्यंत २५ लाखच राहिला. १९४१ मध्ये लोकसंख्या ३६ लाखांवर गेली, तेव्हा माणशी रक्कम सुमारे अकरा आण्यांवर उतरली होती. ही घट २४ टक्क्यांच्या आसपास. याच काळातला दुसरा कायमचा पट्टा पनामा कालव्याचा. १९०३ मध्ये अमेरिकेने त्यासाठी वर्षाला अडीच लाख डॉलर ठरवले. १९३६ च्या तहात ते ४ लाख ३० हजार झाले. वऱ्हाडाचा नवा करारही १९३६ चाच, २४ ऑक्टोबरचा. त्यात रक्कम तीच राहिली, मान तेवढा वाढला. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचे निशाण.

त्याआधी निजाम मीर उस्मान अली खानाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले होते. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ रोजी उत्तर दिले: भारतात ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. दहा वर्षांनी त्याच सरकारने वऱ्हाडावरचे निजामाचे सार्वभौमत्व करारात पुन्हा मान्य केले. दोन्ही कागद खरे होते. महसूल मात्र एकाच तिजोरीत जात होता.

जमिनीवर ही गुंतागुंत पैनगंगेच्या काठी दिसे. उत्तरेला पुसद, दक्षिणेला माहूर. कागदोपत्री दोन्हीकडचा धनी निजामच. पण पुसदला ब्रिटिश रुपया चाले आणि माहूरकडे निजामाचा हाली सिक्का. शंभर ब्रिटिश रुपयांचा ठरलेला दर होता ११६ हाली रुपये १० आणे ८ पै. एका सार्वभौमाच्या दोन काठांवर नाणे वेगळे, न्यायालय वेगळे. १८५३, १८६०, १९०२ आणि १९३६. यांपैकी एकाही करारावर वऱ्हाडातल्या माणसाचे मत घेतलेले नाही, आणि हिशेबातली सगळ्यात मोठी त्रुटी हीच आहे.

आणखी एक आकडा. २०११ च्या जनगणनेत एकट्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे. १९०१ च्या अख्ख्या वऱ्हाडापेक्षा १८,३३२ ने जास्त, तीही त्याच्या सुमारे ३० टक्के क्षेत्रफळात. कायमच्या करारात या वाढीची तरतूदच नव्हती.

१५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश सत्ता गेली, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली. पुसद आणि माहूर एका राज्याच्या कारभाराखाली आले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, १८५३ च्या तहानंतर १०३ वर्षांनी.