कागदावरचे स्वर

आपले नाटक उभे राहते की कोसळते हे पाहण्यासाठी नव्या नाटककाराला गोमंतकात गावची जत्रा आहे. होतकरू गायकाला भजनी सप्ताह आहे. पाश्चात्त्य पद्धतीने संगीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती निराळी. त्याची कृती कागदावर जन्मते, आणि दहा-वीस वादक व त्यांच्या तालमीचे तास हाती आल्यावाचून ती कोणाच्याही कानी पडत नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही. आज संगणक तिची नक्कल ऐकवतो खरा. पण संगणकाला दम लागत नाही आणि त्याची बोटे आखूड पडत नाहीत. म्हणून तो शिकवीतही नाही.

ही उणीव युरोपने ओळखली ती भग्नावस्थेत असताना. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बवर्षावात जर्मनीतील डार्मश्टाट शहर बेचिराख झाले. पुढे दोनच वर्षांनी, १९४६ साली, वोल्फगांग श्टाइनेके यांनी तेथील क्रानिखश्टाइनच्या शिकारी महालात तरुण संगीतकारांसाठी उन्हाळी वर्ग भरवला. नाझी राजवटीने जे संगीत निषिद्ध ठरवले होते ते नव्या पिढीच्या कानांवर पडावे, हा त्यामागचा हेतू. तो वर्ग आता दर दोन वर्षांनी भरतो आणि देशोदेशीचे विद्यार्थी आपापल्या वह्या घेऊन तेथे जातात. तेथून बाहेर पडलेले सगळे संगीत कानाला गोड लागते असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळसे लागत नाही. परंतु ते वाजवून पाहिले जाते, हे महत्त्वाचे.

लंडनमध्ये १९७४ साली स्थापन झालेली आर्दिती ही तंतुवाद्य-चौकडी या वर्गात विद्यार्थ्यांच्या रचना वाजवीत आली आहे. जर्मनीतच १९८० मध्ये तरुण वादकांनी उभा केलेला ‘एन्सेम्बल मॉडर्न’ हा वृंद वादकांच्याच मालकीचा. काय वाजवायचे तेही तेच मिळून ठरवतात. त्याने २००३ साली फ्रँकफुर्टला आपली आंतरराष्ट्रीय अकादमी काढली आणि निरनिराळ्या देशांतील तरुण वादक, रचनाकार व वृंदसंचालक यांना तेथे शिष्यवृत्तीवर एकत्र आणले.

अशा तालमीत घडते ते असे. विद्यार्थ्याने बासूनसाठी एकाच फुंकरीत दोन-तीन स्वर काढण्याची युक्ती लिहिलेली असते. वादक ती करून पाहतो आणि सांगतो, ही बोटे माझ्या वाद्यावर साधत नाहीत. त्या बनावटीच्या वाद्यावर साधतील. व्हायोलावादक विचारतो, येथे गज उलटायला मला क्षणभराचाही अवकाश ठेवलेला नाही, तो कोठून आणू? विद्यार्थी पेन्सिलीने खोडतो, पुन्हा लिहितो. आपल्याकडे तालमीला बसलेल्या शिष्याच्या गळ्यावर गुरूचा कान असतो, तसाच हा प्रकार. फक्त येथे गुरूच्या जागी वादक बसलेला असतो.

परदेशी जाऊन आपला तरुण आपले विसरेल, ही भीती घालणाऱ्यांना तोशिओ होसोकावा यांचे उदाहरण सांगावेसे वाटते. त्यांचा जन्म १९५५ चा, हिरोशिमाचा. शिक्षणासाठी ते १९७६ मध्ये बर्लिनला गेले आणि १९८० साली डार्मश्टाटच्या वर्गात त्यांची रचना वाजली. पुढे क्लाउस हुबर या स्विस गुरूने त्यांना जपानच्या परंपरागत संगीताकडे वळायला सांगितले. १९८६ च्या ‘उत्सुरोही’ या रचनेत त्यांनी हार्पच्या जोडीला ‘शो’ हे जपानी दरबारी संगीतातले सतरा नळ्यांचे तोंडवाद्य बसवले. १९९० पासून ते त्याच डार्मश्टाटमध्ये शिकवू लागले.

आणि आम्ही? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःच्या हिमतीवर मोठा वाद्यवृंद उभारला, भारतीय राग पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्या वृंदासमोर उभे केले. वादक होते ते बहुतेक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणातले. तो प्रयोग टिकला नाही. गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले. सामान्य रसिकाला त्यांचे नाव माहीत आहे ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे, जे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी जोडीदारासह संगीतबद्ध केले.

कांपालच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे विभाग एकाच छपराखाली आहेत. दरबारीतला आंदोलित गंधार पाच रेघांवर कसा लिहावा, हा प्रश्न सोडवायला याहून सोयीची जागा देशात फारशी सापडणार नाही. तो कागदावर मात्र सुटायचा नाही. व्हायोलिनवाला आणि गवई समोरासमोर बसले पाहिजेत आणि मध्ये पेन्सिल घेतलेला विद्यार्थी. परदेशी वृंद येथे येतात, एक संध्याकाळ वाजवतात, पुष्पगुच्छ घेऊन परत जातात. त्यांना निमंत्रण देताना आणखी चार दिवसांचे मानधन आणि एक तालमीची खोली यांची तरतूद करावी, आणि त्या चार दिवसांत त्यांच्यापुढे आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या ठेवाव्यात, एवढीच आमची सूचना आहे. जाहीर कार्यक्रम झाला नाही तरी चालेल.